जुन्या रंध्याला जाड पाते : आधी मोजमाप, मग कानस
प्रतिनिधी

धनज (जि. वाशीम) : आजोबांच्या हातचा बिडाचा रंधा अजून धडधाकट असतो, झिजते ते त्याचे पाते. वर्षानुवर्षे दगडावर घासून ते आखूड होते, गंजाने त्याच्या पाठीवर खड्डे पडतात आणि अखेर नवे पाते आणण्याची वेळ येते. अशा वेळी मूळच्या पातळ पात्याऐवजी जाड पाते बसवावे, म्हणजे रंधा थरथरणार नाही व लाकूड गुळगुळीत निघेल, असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही; पण अपुरा आहे. बिडाच्या रंध्याचे सर्व भाग एका ठरावीक जाडीच्या पात्याभोवती बेतलेले असतात. ती जाडी अर्ध्या मिलिमीटरने वाढली तरी रंध्याचे तोंड, पाते पुढे-मागे करणारी तरफ आणि पात्यावरील पट्टी या तिन्हींचे गणित बदलते. पाते पुन्हा काढता येते. बिडाचे एकदा कानसलेले तोंड मात्र पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच हा बदल कोणत्या क्रमाने करावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावांत सुतारकामाची परंपरा शेतीशी जोडलेली आहे. बाभळीची तिफण, वखर, डवरा आणि बंडीची चाके हे गावच्या सुताराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. पुढे सागवानी चौकटी, दारे आणि पलंग आले. बाभूळ कठीण, तिची रेषा अनेकदा उलटसुलट फिरते. सागवान रंधायला सोपे वाटले तरी त्यात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य असते व ते धार लवकर मारते. अशा लाकडांवर पात्याचा कस लागतो. त्यामुळे पाते कोणते असावे, हा प्रश्न हौसेपुरता नाही. ज्याचे दिवसाचे काम रंध्याच्या धारेवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तो रोजीरोटीचाही आहे.

पातळ पात्याची कुळकथा

आज जुना म्हणून ओळखला जाणारा बिडाचा रंधा मुळात अमेरिकन घडणीचा आहे. लिओनार्ड बेली या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची रचना सिद्ध केली आणि १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीने बेलीचे हक्क विकत घेतले. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९३० च्या दशकापासून ‘रेकॉर्ड’ छापाचे रंधे याच धर्तीवर तयार होऊ लागले. ‘अनंत’, ‘ग्रोझ’ या भारतीय छापांचे रंधेही याच घडणीचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या विद्यार्थ्याला ‘जॅक प्लेन’ म्हणून जो रंधा हाती मिळतो, त्याचे मूळ हेच.

त्यापूर्वीचे रंधे लाकडी होते. त्यांचे पाते जाड, बहुधा ४ ते ५ मिलिमीटरचे असे आणि ते पाचरीने आवळले जाई. बेलीने ते पाते जेमतेम २ मिलिमीटरवर आणले. पोलाद कमी लागले, दगडावर घासायचे धातूही कमी झाले आणि धार लावणे झटपट होऊ लागले. पातळ पाते लवू नये म्हणून त्याला तीन आधार देण्यात आले. खाली बिडाची उतरती बैठक, जिला ‘फ्रॉग’ म्हणतात. पात्याच्या पाठीला स्क्रूने जखडलेली ‘कॅप आयर्न’ नावाची पट्टी. आणि या दोहोंना दाबून धरणारी वरची ‘लिव्हर कॅप’. हे तीन आधार नीट बसले असतील तर पातळ पातेही उत्तम काम देते. एकही ढिला असेल तर ते थरथरते आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात. जाड पात्याची ओढ निर्माण झाली ती येथून.

जाडीने काय साधते?

पट्टी वाकण्यास किती विरोध करते, हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. २ मिलिमीटरऐवजी २.५ मिलिमीटरचे पाते घेतले तर ताठरपणा जवळजवळ दुप्पट, ३ मिलिमीटरचे घेतले तर सुमारे ३.४ पट आणि ३.५ मिलिमीटरचे घेतले तर सुमारे ५.४ पट होतो. बैठक थोडी खडबडीत असली किंवा कठीण गाठ मध्ये आली, तरी जाड पाते सहजासहजी लवत नाही. जाड पात्याची बाजू बळकट आहे ती या कारणाने.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. २५ अंशांचा उतार दिलेल्या २ मिलिमीटर पात्याच्या उताराची रुंदी सुमारे ४.७ मिलिमीटर भरते. ३ मिलिमीटर पात्याची ७.१ मिलिमीटर. तितके जास्त धातू प्रत्येक धारेच्या वेळी घासावे लागते. यावर उपाय सोपा आहे. संपूर्ण उतार न घासता केवळ टोकाला ३० अंशांचा बारीक दुसरा उतार द्यावा. दगडावरचे काम त्यामुळे पुन्हा मोजक्या घाशांवर येते.

पाते पुढे सरकते

खरी अडचण रंध्याच्या तोंडाशी येते. बिडाच्या रंध्यात पाते ४५ अंशांत बसते आणि त्याचा उतार खालच्या बाजूला असतो. धार पात्याच्या वरच्या पृष्ठाशी असते. पाते जाड झाले की खालचे पृष्ठ बैठकीवर जिथल्या तिथे राहते आणि वरचे पृष्ठ, पर्यायाने धार, पुढे सरकते. किती, तर वाढलेल्या जाडीच्या सुमारे १.४ पट. म्हणजे पाते अर्ध्या मिलिमीटरने जाड घेतले तर धार ०.७ मिलिमीटर पुढे येते. एक मिलिमीटरने जाड घेतले तर १.४ मिलिमीटर.

तळाच्या पुढच्या कडेपासून धारेपर्यंत जी फट असते, तिच्यातून लाकडाची साल वर चढते. ही फट आधीच एक-दीड मिलिमीटरची असेल तर जाड पात्याने ती बुजते. साल अडकते, तोंडात गोळा होते आणि रंधा चालेनासा होतो. क्वचित पाते तोंडातून बाहेरच येत नाही.

पहिला उपाय बैठक मागे घेण्याचा. फ्रॉगचे स्क्रू सैल करून तो मागे सरकवता येतो. पण याला मर्यादा आहे. फ्रॉगचा उतार आणि तोंडाची मागची कड एका पातळीत असावी लागते. फ्रॉग त्याहून मागे गेला तर पाते तोंडाच्या मागच्या कडेवर टेकते आणि तिच्या वर बैठकीपासून अधांतरी राहते. ज्या थरथरीपासून सुटका हवी होती, तीच नव्या पात्यासह परत येते. म्हणून फ्रॉग मागे घेतल्यावर पात्याच्या पाठीला शाई लावून बसवावे, काढावे आणि बैठकीवर शाई कुठे उमटली ते पाहावे. खालच्या भागात ठसा दिसला नाही तर फ्रॉग गरजेपेक्षा मागे गेला आहे.

तरफेची पोहोच

दुसरी अडचण पटकन ध्यानात येत नाही. मागचे पितळी चाक फिरविल्यावर पाते आत-बाहेर होते ते दुबेळक्याच्या आकाराच्या एका तरफेमुळे. तिचे टोक पात्याच्या लांब खाचेतून वर येऊन कॅप आयर्नमधील चौकोनी भोकात अडकते. हे टोक २ मिलिमीटरच्या पात्याला पुरेल इतकेच लांब असते. त्यात थोडी उसंत असते, पण ती अमर्याद नसते. अडीच मिलिमीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही. ३ मिलिमीटरच्या पुढे अनेक रंध्यांत टोक भोकापर्यंत पोहोचत नाही किंवा निसटते धरते. मग चाक फिरते. पाते मात्र जागचे हलत नाही.

यासाठी टोकावर वेल्डिंग करून ते वाढविण्याचा मार्ग काही जण सुचवितात. तरफ बिडाची असेल तर ती तडकण्याचा धोका असतो आणि जुन्या रंध्याची तरफ बाजारात सहज मिळत नाही. म्हणून टोक न पोहोचल्यास पाते कमी जाडीचे घेणे शहाणपणाचे. लिव्हर कॅप धरून ठेवणारा मधला स्क्रूही तपासावा. जाड पात्यासाठी तो सैल करावा लागतो. पुरेसे आटे बिडात राहिले नाहीत तर दाब पडताना आटे उपटतात.

परदेशी बनावटीची बदली पाती या मर्यादा ओळखूनच घडविलेली आढळतात. अमेरिकेतील रॉन हॉक यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले पाते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचे, तर कॅनडाच्या ‘व्हेरिटास’ छापाचे जवळपास २.५ मिलिमीटरचे. जाडी आणखी वाढविणे या निर्मात्यांना अशक्य नव्हते. जुना रंधा न कापता जेवढे बसेल तेवढ्यावर थांबण्याचा हा हिशेब आहे.

आधी जुन्याच पात्याची परीक्षा

नवे पाते मागविण्यापूर्वी जुन्यावरचा आरोप खरा आहे का, हे पाहणे हिताचे. थरथर होते तेव्हा दोष अनेकदा जाडीचा नसतो. धार गेलेली असते, फ्रॉगचे स्क्रू ढिले असतात, बैठकीवर जुना रंग, गंज किंवा भुसा बसलेला असतो. कॅप आयर्नची पुढची कड पात्याला सर्वत्र टेकत नसेल तर त्या फटीत साल शिरते आणि तोंड तुंबते. ही कड दगडावर सपाट घासून पात्याशी प्रकाशही दिसणार नाही अशी जुळवावी. जुन्या कॅप आयर्नचा पुढचा भाग फुगीर असतो. स्क्रू फार आवळला तर पातळ पाते किंचित वाकते आणि बैठकीवरून उचलले जाते, हेही पाहावे.

लाकडाची रेषा उचकटण्याचा प्रश्न तर जाडीशी फारसा संबंधित नाही. जपानमधील यामागाता विद्यापीठातील कावाई व काटो या अभ्यासकांनी सालीचे सूक्ष्म चित्रण करून दाखविले की, कॅप आयर्नची कड धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली आणि तिला उभा उतार दिला, तर साल उगवताच मोडते आणि पुढची रेषा उचकटत नाही. हे चित्रण २०१२ च्या सुमारास जगभरच्या कारागिरांत चर्चेचा विषय ठरले. अनुभवी सुतारांना कड जवळ घेण्याचे हे तंत्र पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण या चित्रणातून डोळ्यांना दिसले. ओबडधोबड रंधताना ही कड एक मिलिमीटर किंवा अधिक मागे ठेवावी आणि अखेरचा हात फिरवताना कागदाच्या जाडीइतकी जवळ घ्यावी. यासाठी पैसा लागत नाही.

तोंड कानसायचेच असेल तर

धार, बैठक आणि कॅप आयर्न जागेवर आणूनही जाड पाते हवे असेल, फ्रॉग मागे घेऊनही फट अपुरी असेल, तर आणि तरच कानस हाती घ्यावी. कानसायची ती केवळ तोंडाची पुढची कड. मागच्या कडेला हात लावू नये. पात्याचा आधार तिच्याशी जुळलेला असतो. तळाला शाई फासून गुण्याने, रंध्याच्या बाजूशी काटकोनात, एक सरळ रेघ ओढावी. ती गरजेहून कमीच ठेवावी. बारीक दातांची चपटी कानस रेघेशी समांतर धरून दर चार-पाच घाशांनी पाते बसवून पाहावे. कडेला आतून पुढच्या बाजूला किंचित कलता उतार दिला तर सालीला वर चढण्यास जागा मिळते आणि तळाशी फट अरुंदच राहते. बीड ठिसूळ असते. कानस आपटली तर कडेचा टवका उडतो.

आणखी एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. तोंड एकदा रुंद केले की पुढे मूळचे पातळ पाते परत बसविल्यास फट मोठी राहते आणि बारीक काम बिघडते. फ्रॉग पुढे सरकवून ती काही अंशी भरून काढता येते, पण मग पात्याचे टोक मागच्या कडेच्या आधाराला मुकते. जुना रंधा पुढच्या पिढीच्या हाती जसाच्या तसा जावा असे वाटत असेल, तर तोंड न कानसता बसेल तेवढीच जाडी घेणे हाच योग्य मार्ग.

लाकडी रंध्याचा न्याय वेगळा

गावोगावी अजून दिसणाऱ्या लाकडी रंध्याला मात्र हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे पाते पाचरीने आवळलेले असते. पाते जाड झाले तर पाचर थोडी तासली की काम भागते आणि पाचर बिघडली तर नवी करता येते. इतकेच नव्हे, तर जुन्या लाकडी रंध्यात जाड पाते दोष दूर करते. तळ झिजला की तो पुन्हा रंधून सपाट करावा लागतो. लाकडी रंध्याचा घसा वर रुंद होत गेलेला असल्याने प्रत्येक वेळी तोंड थोडे मोठे होते. शिवाय जुनी पाती धारेकडे जाड व शेंड्याकडे निमुळती असत, त्यामुळे झिजत जाताना तोंडाशी त्यांची जाडी घटते. तेथे जाड पाते बसविल्यास वाढलेली फट आपोआप भरते. बिडाच्या रंध्यात जी अडचण, तीच लाकडी रंध्यात औषध ठरते.

पोलाद कोणते?

ग्रामीण भागात लोहाराकडून पाते घडवून घेण्याची रीत जुनी आहे. त्यासाठी मोटारीचा कमानपट्टा किंवा जुनी कानस वापरली जाते. दोन्ही पोलादेच, पण स्वभाव वेगळे. कमानपट्ट्यात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा-पाऊण टक्का असते. तो चिवट असतो, पण धार फार काळ टिकत नाही. शिवाय तो सहसा ६ मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा असल्याने बिडाच्या रंध्यासाठी पुष्कळ घासावा लागतो. लाकडी रंध्याला तो अधिक मानवतो. कानशीत कार्बन एक टक्क्याहून अधिक असतो. धार सुरेख लागते, पण पाणी उतरविले नाही तर ती काचेसारखी तुटते. कडक केलेले पोलाद साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, त्यावर गवती पिवळा रंग येताच निववावे लागते. घासताना धारेवर निळा रंग चढला तर तेवढ्या भागाचे पाणी गेले असे समजावे आणि तो भाग घासून टाकावा. सहाणेच्या यंत्रावर पाते वारंवार पाण्यात बुडविण्यामागे हेच कारण आहे.

पात्याची पाठ सपाट असणे जाडीइतकेच महत्त्वाचे. धारेलगतचा एक-दोन सेंटिमीटरचा भाग आरशासारखा झाला नाही, तर महागडे पातेही जुन्याहून सरस ठरत नाही.

खर्चाचे गणित

परदेशी पाते मागवायचे तर त्याच्या किमतीत टपाल व आयात शुल्काची भर पडते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. त्यात कौशल्य तपासणी व प्रशिक्षणाची तरतूद असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. विजेच्या रंध्याने गावातील बरेच काम हलके केले, हे खरे. तरीही दाराची कड बसवताना, सांधा जुळवताना आणि यंत्राच्या खुणा पुसताना अखेरचा हात फिरवावा लागतो तो हातरंध्यानेच. वीज नसली तरी तो चालतो. म्हणून जुना रंधा भंगारात न टाकता त्याची नीट डागडुजी करणे हा व्यवहाराचाही मार्ग आहे.

पाते घेण्यापूर्वी हे मोजा

• जुन्या पात्याची जाडी व रुंदी. क्रमांक ४ व ५ च्या रंध्याला २ इंच, तर क्रमांक ६ व ७ ला २ ३/८ इंच रुंदीचे पाते लागते.

• धार काम करण्याच्या जागी असताना तोंडाची पुढची फट. नव्या पात्याच्या वाढीव जाडीच्या १.४ पटीहून ती स्पष्टपणे मोठी हवी.

• फ्रॉग तोंडाच्या मागच्या कडेशी समपातळीत ठेवून आणखी किती मागे जातो.

• तरफेचे टोक पात्याच्या वर किती मिलिमीटर येते. वाढीव जाडी वजा करून उरलेले टोक कॅप आयर्नच्या भोकात पुरते अडकले पाहिजे.

• लिव्हर कॅपचा स्क्रू सैल केल्यावर बिडात उरणारे आटे.

या पाचपैकी एकही माप बसत नसेल, तर आधी कमी जाडीचे पाते शोधावे. कानस सर्वांत शेवटी.